दऱ्या लिहिताना

धर्माची गाय आणि दात का गं न्हाय,
असं माझी खाला म्हणायची.
फुकट मिळालेल्याला खोड काढू नये
म्हणून इतकी वर्षं गप्प बसले.
पण आज गर्दी नाही. सालेमशेठ नमाजाला गेलेत,
रुवीच्या या गल्लीत एसींचं पाणी ठिबकतंय,
आणि पडद्यावर तू विचारतोयस,
फैरोजा, सगळं ठीक आहे ना?
खाली दोनच बटणं. होय. नंतर.

नऊ वर्षं नंतर दाबत आले.
आज सांगते.

आधी प्रिंटर.
दर अपडेटनंतर तो तुला ओळखत नाही,
परगावी शिकून आलेला पुतण्या ओळख दाखवत नाही तसा.
मी बंद करते, चालू करते, पाठीवर एक थाप,
आणि बाकावर सात जण
व्हिसाचे कागद मांडीवर धरून
माझ्या हाताकडं बघत राहतात.

झोपवलं की उठत जा.
काळ्या पडद्यावर ती एकच रेघ लुकलुकते.
वरच्या मजल्यावरचा शिवदासन म्हणतो,
मेला नाहीये, विचार करतोय.

घड्याळं दोन दे. एक इथलं,
एक दीड तास पुढचं, दापोलीचं.
शुक्रवार लाल कर.

काहीतरी चुकलं, असं नुसतं म्हणू नकोस.
काय चुकलं ते सांग. माझं असलं तरी सांग.
अर्ज परत करणारा खिडकीतला माणूससुद्धा
चुकीवर बोट ठेवून दाखवतो.

आणि तुझा कर्सर.
एकाच ओळीत उजवीकडून अरबी, डावीकडून मराठी,
मधे तो भांबावून उभा.
त्याला रागावत नाही. मी स्वतः
रस्ता ओलांडताना अजून चुकीच्या बाजूला बघते.
पण चिपळूण लिहिताना त्याला म्हणावं, जरा दमानं.
अरबीत च नाही, प नाही, ळ तर नाहीच.
उरतं ते शिब्लून.
समोरचा पोरगा, पहिल्यांदाच देश सोडलेला, विचारतो,
हे कुठलं गाव, ताई?
तुझंच, म्हणते मी.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

विश्राम पालशेतकर. निझवाकडं रस्त्याचं काम.
आईला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र.
मी टाइप केलं, मी सध्या दऱ्यांत काम करतो.
तू छापलंस, दर्यांत.
य ला टेकून बसलेला एवढासा र,
तू उचलून डोक्यावर चढवलास.
गावात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

दर्याला नको, म्हणूनच तर त्याला इकडं धाडला होता,
थोरल्या भावानंतर.
म्हातारी आठ महिने दर पौर्णिमेला
नारळ सोडत राहिली पाण्यात,
आणि हा पाण्यापासून शे-दीडशे किलोमीटर लांब,
डोंगराच्या पोटात सुरुंगाची धूळ खात.
सुट्टीवर गेला तेव्हा कळलं.
परत आल्यावर हसत हसत सांगितलं मला.
मीही हसले.
मग शटर अर्धं ओढून
रात्री दोनपर्यंत फाँट शोधत बसले.

आता नीट दिसतो. कुणी केलं, ठाऊक नाही.
तुझं नाव एक नाही म्हणतात,
हजार हात आहेत, बहुतेकांना पगार नाही.
त्यातल्या ज्या एका हातानं
कुठल्याशा थंड गावात, जेवण टाळून कदाचित,
आमचा र खाली उतरवला,
त्याला मी वाळवलेली कोकमं पाठवीन.
पत्ता दे.
ही पण एक इच्छाच धर.

सालेमशेठ आले, चपला झटकतायत.
बाकावर तिघं. त्यातला एक अजून उभाच.
होय दाबू की नंतर?

थांब,
प्रिंटर पुन्हा
ओळखत नाही म्हणतोय.